घरातली खटपट, घरच्यांना धरून

उन्हाळ्याच्या तोंडावर छताचा पंखा मंदावतो. रेग्युलेटर पाचवर असतो, पाती फिरत असतात, पण वारा खाली पोचत नाही. कधी तर हाताने ढकलल्याशिवाय पंखा सुरूच होत नाही. घरात लगेच ‘मोटर गेली’ असं निदान होतं आणि नव्या पंख्याच्या किमती बघायला सुरुवात होते. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो कंडेन्सरचा. मोटरच्या वरच्या कपात बसवलेला हा छोटासा भाग बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा असतो. वर्षानुवर्षं उष्णता सोसून त्याची क्षमता घटते आणि मोटरला लागणारा जोर मिळेनासा होतो. क्षमता मोजणाऱ्या मल्टिमीटरवर तो २.५ ऐवजी दीड दाखवू लागला, की दुखणं सापडलं. नवा कंडेन्सर साधारणपणे शंभर रुपयांच्या आत मिळतो.

मिक्सरचंही तसंच. चटणी वाटताना मध्येच बंद पडलेला मिक्सर अनेक घरांतून थेट दुरुस्तीच्या दुकानात जातो. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक छोटं बटण असतं, बहुधा लाल रंगाचं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. प्लग काढून मिक्सर थोडा वेळ थंड होऊ द्यायचा, भांड्यातला जिन्नस कमी करायचा, बटण आत दाबायचं. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. बटण वारंवार बाहेर येत असेल, तर मात्र भांड्याचं पातं जड फिरतंय का, कार्बन ब्रश झिजलेत का, हे पाहावं लागतं.

तंत्रज्ञानाची खटपट करणारं एखादं माणूस हल्ली पुष्कळ घरांत असतं. कुणी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सर्किट जोडतं, कुणी निवृत्तीनंतर जुने रेडिओ उघडून बसतं, कुणी अजून अकरावी-बारावीत असतं. नवख्यांसाठीची पुस्तकं आणि व्हिडिओ भरपूर आहेत आणि त्यांत सुरुवात होते ती लुकलुकणाऱ्या दिव्यापासून. आपल्याकडच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात ती पंख्यापासून आणि मिक्सरपासून व्हावी. इथे खटपटीसाठी वेगळी खोली नसते. जे टेबल असतं त्यावरच मुलांचा अभ्यास होतो, जे वाय-फाय असतं त्यावरच कुणाची ऑफिसची मीटिंग चालू असते आणि सुट्या भागांचा खर्च घरखर्चातूनच निघतो. छंद एकाचा असला तरी त्याची झळ आणि त्याचा लाभ सगळ्यांच्या वाट्याला येतो. घरच्यांचा विश्वास कमावला तर तो वर्षानुवर्षं चालतो. गमावला तर उत्तम साहित्यही माळ्यावर जाऊन पडतं.

त्यामुळे बंद पडलेल्या वस्तूवर खुशाल हात साफ करावा, पण चालू वस्तू उघडण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला विचारावं. आणि कुठलाही प्रयोग असा आखावा, की तो फसला तरी पाच मिनिटांत घर पूर्ववत चालू लागेल. पुढे जे सांगितलं आहे, ते सगळं या एका अटीवर उभं आहे.

साहित्यावर सुरुवातीला फार खर्च करू नये. डिजिटल मल्टिमीटर, चांगल्या पोलादाचे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं कटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, त्याचा स्टँड, सोल्डर वायर, फ्लक्स आणि एक जुना टूथब्रश एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. यांतला मल्टिमीटर आधी शिकावा. बाजारात मिळणारा स्वस्त पिवळा मीटर बॅटऱ्या, अडॅप्टर आणि वायरी तपासायला पुरतो. कंडेन्सर मोजायचे असतील तर क्षमता मोजण्याची सोय असलेला घ्यावा. मीटरच्या बाबतीत एक चूक फार धोक्याची आहे. करंट मोजण्यासाठी लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घातलेला असतो आणि तो तसाच ठेवून कुणी भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेज मोजायला जातं. त्या क्षणी मीटरमधून थेट शॉर्ट सर्किट होतं, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मीटर हातात आला की घरातल्या कितीतरी तक्रारींची उकल होते. ‘इंटरनेट सारखं जातं’ ही त्यांतली सर्वांत मोठी. कंपनीला फोन होतात, माणूस येऊन जातो, पण राउटरचे दिवे मधूनच विझून पुन्हा लागतात हे कुणी पाहिलेलं नसतं. दिवे विझत असतील तर दोष लाइनचा नसून बहुधा अडॅप्टरचा असतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असं लिहिलेलं असतं. नुसता तपासला तर तो १२ व्होल्ट बरोबर दाखवतो आणि फसवतो; राउटरचा भार पडल्यावर व्होल्टेज खाली येतं. दुसरा अडॅप्टर लावून पाहणं हाच सोपा उपाय. तो निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या मधल्या भागाला प्लस की मायनस हे दाखवणारी खूण तीच. अँपिअर जास्त असल्याने उपकरण जळेल ही भीती अनाठायी आहे, कारण उपकरण आपल्याला लागतो तेवढाच करंट ओढतं. व्होल्ट जास्त असले तर मात्र ते नक्की बिघडू शकतं.

टीव्हीचा रिमोट चालत नसेल तर मीटरही लागत नाही. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावं. कॅमेऱ्यात जांभळट दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट ठीक आहे आणि दोष टीव्हीकडे आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच असते, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याने पाहावं. ही युक्ती घरातल्या लहान मुलांना दाखवावीच. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्यांना असं आपल्या हातात दिसतं.

आता विजेविषयी, आणि इथे थोडं थांबायला हवं. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची वीज आहे. पाच व्होल्टच्या सर्किटवर होणारी चूक एखादा सुटा भाग जाळते. इथली चूक माणसाचा जीव घेऊ शकते. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं कधीही धरू नये. पुष्कळ जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, मग बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज येत राहतो. पंख्याचा कंडेन्सर बदलायचा असेल तर त्या लाइनची एमसीबी किंवा मेन स्विच पाडावा, टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो स्वतः ठीक आहे ना ते पाहावं आणि मग पंख्याच्या तारा तपासाव्यात. कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असू शकते, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावू नये. शिडी धरायला खाली दुसरं माणूस असावं. ज्याला हे सगळं नवं आहे त्याने निदान स्वतः करावं आणि काम वायरमनकडून करून घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घरात नसेल, तर कुठलंही नवं गॅजेट घेण्याआधी ते पैसे तिच्यावर खर्च करावेत आणि अर्थिंगही तपासून घ्यावं.

काही वस्तू छंद म्हणून उघडूच नयेत. मायक्रोवेव्हच्या आतल्या कंडेन्सरवर दोन हजार व्होल्टच्या वर ताण असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. जुना डबा टीव्ही, इन्व्हर्टर आणि संगणकाचा पॉवर सप्लाय यांनाही हेच लागू. एलईडी बल्ब उघडून जळालेली चिप शॉर्ट करण्याचे व्हिडिओ फार लोकप्रिय आहेत. ते अनुसरू नयेत. स्वस्त बल्बांमधलं सर्किट बहुधा मेन लाइनपासून विलग केलेलं नसतं, त्यामुळे उघडा बल्ब होल्डरमध्ये लावून बघताना त्या पट्टीवर हात पडला तर थेट झटका बसतो. थोडक्या पैशांच्या बल्बसाठी हा धोका घेण्याजोगा नाही.

सोल्डरिंग शिकायला मात्र कुणीही कचरू नये. नेहमीच्या साठ-चाळीस सोल्डरमध्ये साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असतं; ते १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतं. नवखे आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते जोडावर थापतात आणि जोड कच्चा राहतो. आधी आयर्नने तांब्याची पट्टी आणि तार दोन्ही तापवाव्यात, मग दुसऱ्या बाजूने सोल्डर लावावं. ते आपण होऊन पसरतं. शिसं विषारी असल्यामुळे हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवायच्या टेबलावर करू नये. खिडकी उघडी असावी, धूर तोंडावर येऊ नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींना शेजारी बसून, डोळ्यांना चष्मा लावून हे शिकवता येतं. त्याहून लहान मुलं घरात असतील तर दुसऱ्याच एका गोष्टीची जास्त काळजी घ्यावी लागते: रिमोट, वजनकाटे आणि संगणकात असणाऱ्या नाण्याच्या आकाराच्या बॅटऱ्या. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. मूल हसत-खेळत असलं तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठावं. सुट्या बॅटऱ्या कुलपाच्या डब्यातच राहाव्यात.

खटपट्या माणसाचा सध्याचा सर्वांत मोठा उपयोग कुठे असेल तर तो जुन्या लॅपटॉपपाशी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीचे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. यंत्र म्हणून त्यांत बिघाड काही नाही. लॅपटॉप रखडतो तो बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून एसएसडी बसवली की फरक पहिल्याच बटणाला जाणवतो: जुनी डिस्क सेकंदाला साधारण शंभर मेगाबाइट वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. रॅम चार जीबी असेल आणि जागा रिकामी असेल तर आणखी एक पट्टी घालावी. मात्र आधीची पट्टी डीडीआर ३ आहे की डीडीआर ४ हे पाहूनच, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

मग प्रश्न येतो ऑपरेटिंग सिस्टिमचा. लिनक्स मिंट हा नवख्यांसाठी चांगला पर्याय आहे. दोन जीबी रॅमवर चालतो, चार असली तर बरं. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तो घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो आणि हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता वापरून बघता येतो. हा टप्पा गाळू नये. वाय-फाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का, कॅमेरा आणि घरातला प्रिंटर चालतोय का, हे सगळं तपासावं. सगळे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून, त्या फाइल उघडताहेत ना हे पाहूनच पुढचं पाऊल टाकावं. लॅपटॉप सुरू करताना तारीख दर वेळी मागे जात असेल तर बहुधा मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की ब्राउझर बँकेच्या किंवा मेलच्या पानावर सुरक्षेचा इशारा देतो आणि माणूस उगाच व्हायरस शोधत बसतो.

अशा लॅपटॉपचा खरा लाभ घरातल्या ज्येष्ठांना होतो. अक्षरं मोठी करावीत, पडद्यावर चार-पाचच चिन्हं ठेवावीत आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू करून द्यावा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात; रोमन अक्षरांशी झटापट करावी लागत नाही, त्यामुळे रोजच्या सरावाने ज्येष्ठ मंडळीही त्यावर लिहू लागतात. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींचा चेहरा मराठीत करता येतो. आजोबांना आठवणी लिहायच्या असतील, आजीला जुन्या पाककृती टिपून ठेवायच्या असतील, तर याहून स्वस्त आणि चांगली सोय दुसरी नाही.

मात्र घरात कुणी टॅलीवर हिशेब लिहीत असेल, कुणी डिजिटल सहीची पेन ड्राइव्हसारखी चावी लावून सरकारी कामं करत असेल, तर त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्सचा आग्रह धरू नये. ही साधनं विंडोज गृहीत धरून चाललेली असतात. मुक्त सॉफ्टवेअरबद्दलची निष्ठा कितीही खरी असली, तरी प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत जवळ आलेली असताना कर सल्लागाराच्या संगणकावर ती दाखवण्यात शहाणपण नाही.

यापुढची पायरी म्हणजे घरात सतत चालू राहणारा छोटा संगणक. २०१२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती आणि मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं हा त्यामागचा हेतू होता. छंदी लोकांनी त्याला घराघरांतला सर्व्हर केलं. इथे विजेचा हिशेब करूनच निर्णय घ्यावा. पाच वॉट खाणारं यंत्र महिनाभर अखंड चाललं तर ३.६ युनिट होतात. तेच काम ८० वॉट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर केलं तर ५७.६ युनिट. फुकट मिळालेला डेस्कटॉप त्यामुळे फार महाग पडतो. जुना लॅपटॉप पडदा मिटून १५ वॉटवर चालला तर ११ युनिटच्या आत राहतो आणि त्याची स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी लगेच बंद पडत नाही. ज्या गावात भारनियमन आहे तिथे ही मोठीच सोय, कारण वीज अचानक गेली की पायमधलं मेमरी कार्ड खराब होण्याचा संभव असतो.

या छोट्या सर्व्हरवर पहिलं काम कोणतं करावं? फोटो. कुटुंबाचे फोटो आज चार फोनमध्ये विखुरलेले असतात आणि फोन हरवतो त्या दिवशी बारशापासूनचे सगळे जातात. यासाठी जगभर वापरला जाणारा तीन-दोन-एकचा नियम आहे: प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच असं नाही. मामाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवलेली एक डिस्कही चालते, सणावाराला जाताना ती बदलून आणायची. दोन डिस्क एकाच पेटीत बसवून एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटण्याची सोय केली, की लोक निर्धास्त होतात. तसं होऊ नये. चुकून पुसलेला फोटो त्या दोन्हींवरून एकाच वेळी पुसला जातो. आणि वर्षातून एकदा तरी एखादा जुना अल्बम त्या प्रतीवरून परत आणून बघावा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरं लोकप्रिय काम म्हणजे पाय-होल. फोनवरचं अॅप जाहिरात मागवण्याआधी त्या संकेतस्थळाचा पत्ता विचारतं. पाय-होल त्या विचारणीलाच नकार देतं आणि जाहिरात येतच नाही. यूट्यूबच्या जाहिराती मात्र याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात. तंत्र सुंदर आहे, पण घरच्यांशी सर्वाधिक खटके याच्यामुळेच उडतात. राउटरवर ते सगळ्यांसाठी लावलं आणि एखाद्या दुपारी पाय बंद पडला, तर वाय-फायचं चिन्ह दिसतं पण काहीच उघडत नाही. खटपट करणारा ऑफिसात आणि घरी मुलीचा ऑनलाइन फॉर्म अडकलेला. म्हणून आधी ते फक्त आपल्या फोनवर आणि लॅपटॉपवर लावावं. काही आठवडे नीट चाललं, तर ज्यांना हवं त्यांच्यासाठी लावावं. राउटरच्या मागे एक चिठ्ठी चिकटवून ठेवावी: इंटरनेट बंद पडलं तर काय करायचं, दोन ओळींत, मराठीत, घरातल्या कुणालाही कळेल असं.

राउटरचाच विषय निघाला आहे म्हणून सांगायला हवं, की कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलणं हे कुठल्याही प्रयोगापेक्षा महत्त्वाचं काम आहे. सोबत पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय चालू करून द्यावं.

‘स्मार्ट घर’ या कल्पनेबद्दल मात्र छंदी माणसाने जरा कठोर व्हावं. दिवा लावण्यासाठी परदेशातल्या सर्व्हरची परवानगी लागणं हे प्रगतीचं लक्षण नव्हे. इंटरनेट गेलं, कंपनी बंद झाली किंवा घरात पाहुण्या आलेल्या काकूंकडे ते अॅप नसलं, तरी भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. ही कसोटी लावली की बाजारातल्या बऱ्याच वस्तू आपोआप गळतात. ज्यांना स्वतः काही जोडायचं आहे त्यांच्यासाठी होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर घरातल्याच संगणकावर चालतं आणि इंटरनेट नसतानाही बरीचशी कामं करू शकतं. २३० व्होल्टचा रिले भिंतीत बसवण्याचं काम वायरमनचं. तापमान, आर्द्रता, दरवाजा उघडा की बंद, अशा पाच व्होल्टच्या आतल्या गोष्टी आपल्या.

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, हा आपल्याकडच्या प्रत्येक नवख्याचा आवडता प्रकल्प आहे आणि त्यातून शिकायला खूप मिळतं. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा सेन्सर दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत मोजतो. तो चालतो पाच व्होल्टवर आणि त्याला जोडायचा इएसपी ३२ हा बोर्ड ३.३ व्होल्टवर. सेन्सरची उत्तराची तार थेट जोडली तर बोर्ड बिघडू शकतो. मध्ये एक आणि दोन किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लावून पाचाचे ३.३ करावे लागतात. एवढं जमलं की पुढची अडचण येते: टाकीतल्या वाफेने उघडा सेन्सर काही दिवसांत गंजतो. मग जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर घ्यावा लागतो, पण त्याला जवळचे वीस-पंचवीस सेंटिमीटर दिसत नाहीत, म्हणून तो भरलेल्या पाण्याच्या पातळीपासून तेवढा वर बसवावा लागतो. शिवाय गच्चीवरून खालच्या मजल्यावर स्लॅबमधून वाय-फाय पोचायला हवं, आणि टाकी सोसायटीची असेल तर कमिटीची परवानगी हवी. इतकं करून मोटर आपोआप बंद करण्याची जबाबदारी त्या सर्किटवर टाकू नये. ते काम तरंगत्या फ्लोट स्विचवर सोपवावं. आपला प्रकल्प पातळी दाखवण्यापुरता ठेवावा.

सुटे भाग घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, म्हणजेच ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानात जाताना बिघडलेला भाग सोबत न्यावा किंवा त्यावरच्या आकड्यांचा स्पष्ट फोटो न्यावा. नुसतं ‘कंडेन्सर द्या’ म्हटलं तर दुकानदार कितीचा आणि किती व्होल्टचा हे विचारणारच. काउंटरवरच्या माणसांना अफाट माहिती असते आणि गर्दी नसताना गेलं तर ते ती मोकळेपणाने देतात. ऑनलाइन दोन रुपये स्वस्त मिळालं तरी या ओळखीचं मोल मोठं आहे.

खर्चाची एक महिनेवारी रक्कम घरात बोलून ठरवावी आणि ती पाळावी. प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत असावी: तारीख, लक्षण, काय बदललं, किती लागले. वर्षाअखेरी ही वही घरच्यांना दाखवता येते. जे दुरुस्त होत नाही ते साठवूही नये. फुगलेली मोबाइलची बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. तिच्यातून आग लागते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे अशा वस्तू द्याव्यात. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तिथे अनेक कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. वस्तू उघडण्याआधी वॉरंटी उरली आहे का, हेही पाहावं.

आणि मुलं. त्यांना या टेबलापासून दूर ठेवणं हा छंदाचा सर्वांत मोठा अपव्यय आहे. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवलं. त्यांच्या संकेतस्थळावर त्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत नापास झालेली मुलंही हातांनी काम करत उत्तम शिकतात, हे तिथे दिसलं, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, त्या खेड्यात सुरू झाली. मोडका रेडिओ उघडून त्यातलं चुंबक बाहेर काढणारी मुलगी अभ्यासच करत असते. तिला ओरडू नये. स्क्रू हरवू नयेत म्हणून एक वाटी द्यावी.

केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशातल्या सुमारे दहा हजार शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब मंजूर झाल्या आहेत. त्यांत सोल्डरिंग आयर्न, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि थ्री-डी प्रिंटर असतात आणि एका शाळेला त्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. आपल्या मुलांच्या शाळेत अशी लॅब आहे का, ते विचारा. ती कुलूपबंद असेल तर पुढच्या पालक सभेत तो प्रश्न मांडा, आणि शिकवायला माणूस नाही असं उत्तर मिळालं तर शनिवारचे दोन तास स्वतः द्या.